सांघिक ऑनलाइन खेळांतील शिवीगाळ: मूळ खेळाडूच्या स्वभावात की खेळाच्या रचनेत?

धागाकर्ता

ऑनलाइन खेळांतील शिवीगाळीचा विषय निघाला की ‘हल्लीच्या मुलांवर संस्कारच नाहीत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान पटत नाही. २००९ साली आलेला ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ पाहा. पाच अनोळखी माणसे एका संघात येतात, सामना बहुधा अर्धा तास चालतो, मध्येच उठून गेल्यास शिक्षा होते, आणि हार संघाची असली तरी रँक मात्र ज्याची त्याची घसरते. शिवाय आपला एक गडी पडला की प्रतिस्पर्ध्याला सोने मिळते, त्या सोन्यातून तो शस्त्रे घेतो आणि पुढच्या चकमकीत उरलेल्या चौघांना भारी पडतो. ‘फीड करू नकोस’, म्हणजे पुन्हापुन्हा पडून प्रतिस्पर्ध्याला पोसू नकोस, ही ओरड सुरू होते ती इथून.

या खेळाच्या निर्मात्या रायट गेम्सने आपल्याकडच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सातत्याने वाईट वागणाऱ्यांचा एकूण गैरवर्तनातील वाटा सुमारे १३ टक्केच निघाला. बाकीचे ८७ टक्के एरवी नीट वागणाऱ्या खेळाडूंकडून आले होते. पुढे कंपनीने प्रतिस्पर्धी संघाशी होणारे चॅट मुळात बंद ठेवले आणि हवे असल्यास सेटिंगमधून सुरू करण्याची सोय दिली. संभाषणाचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण त्यातील वाईट बोलणे सुमारे एक तृतीयांशाने घटले. एवढ्याशा बदलाने जे कमी होते, त्याला स्वभावदोष कसे म्हणायचे?

रात्रपाळी

मी तुमच्याशी सहमत नाही. मैदानावरच्या क्रिकेटमध्येही सुटलेल्या एका झेलापायी अकरा जणांचा सामना जातो, पण झेल सोडणाऱ्याच्या आईबहिणीवर आम्ही जात नाही, कारण उद्या सकाळी तो चहाच्या टपरीवर समोर उभा असतो. ऑनलाइन खेळात हा उद्या नसतो. समोर चेहरा नसला की माणसाची भीड कशी चेपते, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच सविस्तर मांडले आहे. आणि रचना पाचही जणांसाठी सारखीच असताना तोंड सोडतो तो एखादाच. उरलेले चौघे स्वतःला आवरतात, याचे श्रेय तुम्ही कोणाला देणार?

मृगजळ

हरण्याच्या संतापातून शिवीगाळ होते, हे तुम्ही दोघांनीही गृहीत धरले आहे. माझा अनुभव निराळा आहे. चौघांच्या एका खेळात सामना सुरू होण्याआधी मी माइकवर फक्त ‘आवाज येतोय का?’ एवढेच विचारले. त्यावर एकाने जे उत्तर दिले ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून मी माइक बंद ठेवते आणि नकाशावर खूण करून सांगते. परवा खेळाची जागा आकसत जाऊन उरलेल्या शेवटच्या वर्तुळात सोबत्याच्या मागे पावले वाजली. मी तीनदा खूण केली, त्याचे लक्ष गेले नाही, आणि आम्ही हरलो. बोलता आले असते तर दोन शब्दांचे काम होते.

‘हेलो ३’ या खेळावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा तिप्पट वाईट शेरे ऐकावे लागले होते.

धागाकर्ता

मृगजळ, तुमचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता, ही माझी चूक. मात्र त्याच खेळावरचा २०१५ चा अभ्यासही पाहावा. स्त्रियांशी अधिक वाईट वागणारे पुरुष खेळात कच्चे होते, तर चांगले खेळणाऱ्यांचे वागणे तुलनेने बरे होते. आपली पायरी घसरण्याची भीती तिथेही आहेच, आणि ती पायरी खेळानेच उभी केली आहे. म्हणून रँक आणि चॅट यांची मांडणी बदलणे हे मला अजूनही पहिले काम वाटते.

रात्रपाळी

भीती प्रत्येकालाच असते. ती कोणावर काढायची, हे माणूस स्वतः ठरवतो. एका खात्यावर बंदी आली की पाच मिनिटांत दुसरे खाते उघडता येते, तोवर चॅटची कितीही फेरमांडणी केली तरी माझ्या मते वरवरचाच फरक पडेल.

मृगजळ

धागाकर्ते, मी सांगितलेल्या सामन्यात तेव्हा कोणाची पायरी घसरलेली नव्हती, कारण खेळ सुरूच झाला नव्हता. आणि रात्रपाळी, आवरणाऱ्यांचे श्रेय तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. त्या संघात आणखी दोघे होते. त्यांनी शिवी दिली नाही, पण ‘गप्प बस’ असेही त्याला म्हटले नाही. दोघांचेही माइक चालू होते, कारण त्यांच्यापैकी एकाच्या घरातला पंखा मला स्पष्ट ऐकू येत होता.