तांदळात बारीक चपटे तांबूस किडे, सोंडे नाहीत, काय असेल?

कातळसडा:
घरच्या भाताचा तांदूळ आहे, गिरणीवरून सडून आणलेला, चिपळूणकडे सध्या पाऊस धो धो चालू आणि पिंपात हे किडे दिसायला लागलेत, सोंड्यापेक्षा खूप लहान, एकदम चपटे, मिशा मात्र लांब. तांदूळ वर्षभर पुरवायचाय. कोणी म्हणतं गोळी टाक. काय करू?

भुंगेरा_निरीक्षक:
वर्णनावरून क्रिप्टोलेस्टिस पुसिलस, म्हणजे धान्यातला चपटा भुंगेरा वाटतोय. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, लांब मिशावाले ते नर, मादीच्या आखूड असतात. याचे बरेच भाऊबंद झाडाच्या सालीखाली राहतात म्हणून अंग असं चपटं, कुठल्याही फटीत शिरतो. धडधाकट दाणा याला सहसा फोडता येत नाही, कणी, तडा गेलेला दाणा, सोंड्याने पोखरलेला दाणा यावर जगतो, आणि दमट गरम हवा लागते. म्हणजे तांदळात ओल आहे किंवा कणी खूप आहे, सोंडेही बघा, बहुतेक सापडतीलच.

माळवाडी:
कडक ऊन पडलं की पसरून टाका, आमच्याकडे गहू असाच करतात

भुंगेरा_निरीक्षक:
@माळवाडी गव्हाला चालतं हो, पण सडलेला तांदूळ कडक उन्हात तडकतो आणि तडकलेला दाणा म्हणजे याला आयतं जेवण. तांदूळ सावलीत, पंख्याखाली सुकवा. आधी चाळून कणी वेगळी काढा, तीच खरी गोम आहे. मग थोडा थोडा तांदूळ पिशवीत बांधून डीप फ्रीजरला आठवडाभर ठेवा, अंडीसुद्धा मरतात, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका नाहीतर पाणी सुटतं. पिंप मात्र रिकामं करून कडा, झाकणाची खाच सगळं पुसून कोरडं करा.

दुर्वांकुर:
गोळीचं कृपा करून डोक्यातून काढा!! त्यातलं अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड हवेतल्या ओलीनेच फॉस्फिन वायू सोडतं, त्यावर उतारा नाही, राहत्या घरात झोपलेली माणसं दगावतात. किड्यापायी घरच्यांचा जीव धोक्यात घालू नका.

कातळसडा:
गोळी आणणार नाही, नक्की. चाळला आत्ता, कणी भरपूर निघाली आणि तळाशी सोंडेपण आहेत. फ्रीजर छोटाय, सगळा तांदूळ एकदम मावणार नाही, तोवर बाकीचा कशात ठेवू?

भुंगेरा_निरीक्षक:
घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यांत, काठोकाठ भरून. आणि फ्रीजरमधून निघालेला त्यात परत मिसळू नका.