गुलामीविरोधी कादंबऱ्या वाचून परदेशातल्या लोकांनी खरंच काही केलं का?

कावेरीकाठ:
परवा हॅरिएट बीचर स्टो यांची अंकल टॉम्स केबिन वाचून झाली, अमेरिकेतल्या गुलामीवरची कादंबरी. गुलामीतून पळणारी एलायझा पोराला छातीशी धरून ओहायो नदीतल्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पलीकडे जाते, बूट कधीच गेलेले, प्रत्येक पावलाला रक्त, तिथे पुस्तक मिटून बराच वेळ नुसतीच बसले होते. तेव्हा अमेरिकेबाहेर ज्यांनी हे वाचलं त्यांनी पुढे काही केलं का, की डोळे पुसून सोडून दिलं?

जुनंपान:
केलं की. पुस्तक १८५२ चं, पहिल्याच वर्षात अमेरिकेत ३ लाख प्रती गेल्या आणि ब्रिटनमध्ये त्याहून कितीतरी जास्त, कारण तिथे अमेरिकन पुस्तकाला कॉपीराइट लागूच नव्हता, जो तो स्वस्तात छापत होता. मग तिथल्या बायकांनी अमेरिकेतल्या बायकांना गुलामीविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, त्यावर ५ लाखांच्या वर सह्या, २६ जाडजूड खंड भरले! मतदानाचा हक्क नसलेल्या बायका या. मला तरी हे फार मोठं वाटतं.

उमाळे:
सगळं श्रेय कादंबरीला नको पण. फ्रेडरिक डग्लस १८४५ ते ४७ ब्रिटन-आयर्लंडमध्ये गावोगाव भाषणं देत फिरला होता, स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस, जमीन त्याच्यासारख्यांनी नांगरून ठेवली होती. आणि त्या पत्राला उत्तरही झणझणीत मिळालं, माजी राष्ट्राध्यक्षांच्या बायको ज्युलिया टायलर यांनी १८५३ मध्ये लिहिलं की आधी तुमच्या लंडनमधली गरिबी बघा.

जुनंपान:
डग्लसचं एकदम मान्य. खरी परीक्षा पुढेच झाली, अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस यायचा थांबला, इंग्लंडमधल्या लँकशरच्या कापडगिरण्या बंद पडल्या, आणि ब्रिटनमधले बरेच वजनदार लोक अमेरिकेतल्या गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूला झुकले. तेव्हा लेखिका स्टो यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्याच पत्राला जाहीर उत्तर देऊन तिथल्या बायकांना जाब विचारला. पण ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं, चुली थंड असताना! लिंकनने त्यांना उत्तरही दिलं.

कावेरीकाठ:
हे कामगारांचं माहीतच नव्हतं, वाचून भरून आलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलाम मुक्त केले त्यांना अर्पण केली, आपल्या देशबांधवांनी शूद्र भावांसाठी तोच कित्ता गिरवावा म्हणून. आज रात्री ते अर्पणपत्र परत काढून वाचते.