मदत हवी आहे: ॲनिमेशन सुरू झालं की मराठी शीर्षकाची जोडाक्षरं फुटतात

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि ती मी हौसेखातर सांभाळते. पहिल्या पानावर स्लायडर आहे, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या स्लाइडांची पट्टी. त्यात चार लेयर (एकावर एक थर): मागे वाचनकक्षाचा फोटो, त्यावर 'ग्रंथप्रदर्शन आणि विक्री' हे शीर्षक, खाली तारखेची ओळ आणि 'नाव नोंदवा' हे बटण.

शीर्षकाला एकेक अक्षर खालून वर येईल असा इफेक्ट दिलाय. एडिटरमध्ये नुसतं बघितलं तर सगळं ठीक, पण प्ले दाबलं की 'प्रदर्शन'चा चुराडा. प सुटा, र सुटा, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेलं हलन्त चिन्ह. 'विक्री'मधली वेलांटी तर एकटीच वर येते. फॉन्ट मुक्ता आहे. नोटो सान्स देवनागरी लावून बघितला, तोच प्रकार. इंग्रजी मजकुराला हाच इफेक्ट झकास चालतो.

'ओळ मास्कमधून वर' हा दुसरा इफेक्ट घेतला तर अक्षरं शाबूत राहतात, पण रफार आणि वेलांट्यांचे शेंडे उडतात.

शिवाय बटण दिसेपर्यंत स्लाइड बदलते. स्लाइड ५००० मिलिसेकंदांची आहे. शीर्षक ८०० ला सुरू होतं, तारीख २२०० ला, बटण ३८०० ला, आणि बटणाचं ॲनिमेशन १००० चं.

आणि एक कोडं: आमच्या अध्यक्षांच्या फोनवर काहीच हलत नाही, सगळं एकदम दिसतं. बाकी सगळ्यांकडे नीट चालतं.

जाणकारांनी कृपया सांगावं.

टंकबहाद्दर:
टेक्स्ट स्प्लिट, म्हणजे हलवण्यासाठी मजकुराचे तुकडे पाडणं, कशावर ठेवलंय? कॅरेक्टर, वर्ड की लाइन?

धागाकर्ती:
कॅरेक्टर.

टंकबहाद्दर:
मग फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. आपल्याला 'प्र' हे एक अक्षर दिसतं, पण साठवताना ते प, हलन्त चिन्ह आणि र असे तीन कोड असतात. 'र्श'चंही तसंच. हे कोड एकाच ओळीत शेजारी असले तरच ब्राउझर त्यांचं जोडाक्षर घडवतो. कॅरेक्टर स्प्लिटमध्ये प्रत्येक कोड स्वतंत्र डब्यात जातो, कारण हलवायला प्रत्येकाचा डबा वेगळा लागतो. डब्याच्या भिंतीपलीकडे जोडाक्षर होत नाही. एकट्या पडलेल्या मात्रेला आधार म्हणून ते ठिपक्यांचं वर्तुळ येतं. प्ले दाबेपर्यंत मजकूर अखंड असतो, म्हणून एडिटरमध्ये काही कळत नाही.

स्प्लिट वर्डवर आणा. 'ग्रंथप्रदर्शन', 'आणि', 'विक्री' असे तीन तुकडे, दोन तुकड्यांत १२० मिलिसेकंदांचं अंतर. मराठीत हेच देखणं दिसतं. अक्षरं वेगळी वर आली की शिरोरेषा तुटतेच, अगदी जोडाक्षरं शाबूत असली तरी. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं असेल तर तेही शून्य करा.

अर्धविराम:
कोड लिहिता येत असेल तर 'इंटल सेगमेंटर' (Intl.Segmenter) हे ब्राउझरमधलं मजकुराचे तुकडे पाडणारं साधन वापरून अक्षरनिहाय तुकडे करता येतात. फक्त जुने ब्राउझर हलन्त चिन्हानंतर तोडतात, म्हणजे 'प्' आणि 'र' वेगळे पडतात. भारतीय जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या मानकात, २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला.

खटपट्या:
एवढा खटाटोप कशाला? शीर्षकाचं चित्र करून टाका, प्रश्न मिटला.

टंकबहाद्दर:
@खटपट्या, आणि दर महिन्याला नव्या कार्यक्रमासाठी नवं चित्र कोण करणार? मोबाइलवर ते बारीक होऊन वाचता येणार नाही ते वेगळंच. वाचनालयाच्या साइटवर तरी मजकूर मजकूरच असू दे.

पडद्यामागे:
मास्कचं सांगतो. मास्क म्हणजे ओव्हरफ्लो हिडन लावलेला, बाहेर जाईल तो भाग लपवणारा डबा, आणि त्याची उंची लाइन हाइटवरून, म्हणजे ओळीच्या उंचीवरून ठरते. स्लायडर बनवणाऱ्या या प्लगिनांची (वर्डप्रेसच्या जोड-प्रोग्रॅमांची) तयार शीर्षकं रोमन लिपीच्या बेतानं बनवलेली असतात, तिथे लाइन हाइट अक्षराच्या आकाराच्या १ किंवा १.१ पट असते. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांची जागा लागते. १.४ किंवा १.५ करून बघा. ओळींमधलं अंतर फार वाटलं तर लाइन हाइट पूर्वीचीच ठेवा, मास्कला वरखाली ०.२५ ईएम (अक्षराच्या आकाराच्या पाव पट) पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा द्या आणि बाहेरच्या बाजूला तेवढंच उणे मार्जिन.

वेळेचं गणित तुमच्या आकड्यांतच आहे. बटण ४८०० ला स्थिरावतं, स्लाइड ५००० ला जाते. बोट उचलेपर्यंत खेळ खलास. शीर्षक ३०० ला, तारीख ९०० ला, बटण १५०० ला आणि त्याची लांबी ५००, म्हणजे २००० ला सगळं जागेवर. स्लाइड ८००० ची करा, वाचायला सहा सेकंद मिळतील. आणि थांबवायचं बटण द्याच. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलत राहणारा मजकूर थांबवता यायला हवा असं वेब सुलभतेचे नियमही सांगतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर वाचनालयाला एकच स्लाइड पुरे.

अध्यक्षांच्या फोनवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'ॲनिमेशन काढा' सुरू आहे का बघा. ब्राउझर ती पसंती साइटला कळवतो आणि बरीच प्लगिनं ती पाळतात.

धागाकर्ती:
मंडळी, शतशः आभार! स्प्लिट वर्डवर आणलं, अक्षरं जुळली. पॅडिंगनं रफारही परत आला. अध्यक्षांकडे तीच सेटिंग होती. हलणारं बघून त्यांना गरगरतं म्हणे, म्हणून मुद्दाम लावलेली. ती तशीच राहू दे.

आता एकच राहिलं. साइट पहिल्यांदा उघडली की 'विक्री' दुसऱ्या ओळीत जाऊन आदळते. रिफ्रेश केलं की जागेवर.

पडद्यामागे:
फॉन्ट उशिरा पोचतोय. तोवर दिसणाऱ्या पर्यायी फॉन्टच्या रुंदीवर तुकडे पडतात, मग मुक्ता येतो आणि रुंदी बदलते. रिफ्रेशला तो कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात असतो. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून प्रीलोड करा, म्हणजे आधीच मागवून घ्या. 'फॉन्ट आल्यावर सुरू करा' असा पर्याय प्लगिनमध्ये असेल तर तोही लावा. नसेल तर मोबाइलच्या लेआउटमध्ये 'ग्रंथप्रदर्शन'नंतर हातानंच ओळ तोडा, म्हणजे फॉन्ट कधीही आला तरी 'विक्री' 'आणि'च्या शेजारीच राहील.