अनुभव: कॉलेजचा फळा, नोटीस बोर्ड आणि 'आजचे कार्यक्रम'

गोदाकाठची

लेक ओळखपत्र घरी विसरली म्हणून काल ते द्यायला तिच्या कॉलेजात गेले होते. माझंही तेच कॉलेज. छोटंसं आहे, एका चक्करमध्ये अख्खं बघून होतं. जिन्याखाली मोडक्या बाकांच्या मागे आमचा फळा टेकवून ठेवलेला दिसला. वर ऑइलपेंटने लिहिलेलं 'आजचे कार्यक्रम' अजून शाबूत आहे. बाकी सगळ्या फळ्यावर धूळ. पाय निघेना तिथून.

१९९६ ते १९९९, तीन वर्षं त्या फळ्यावर मी लिहिलं. सकाळी पावणेसातला जायचे. मराठीच्या सरांनी आदल्या दिवशी दिलेली चिठ्ठी वहीत असायची. खोखोचा संघ कुठे खेळायला गेला, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, वक्तृत्वात कोणाची निवड झाली, एखाद्या मुलाचे वडील गेले असतील तर तेही. वर एक सुविचार. गावातल्या पेपरात आमच्या कॉलेजचं नाव वर्षातून एकदा आलं तर आलं, पण या फळ्यावर रोज यायचं.

२७ फेब्रुवारी १९९९, शनिवार. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा वाढदिवस. भोवती गेरूची वेलबुट्टी काढून शुभेच्छा लिहिल्या होत्या. मधला मजकूर रोज बदलत गेला, वेलबुट्टी मात्र कोणालाच पुसवली नाही. १० मार्चला तात्यासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच फळ्यासमोर उभी होते, हातात ओलं फडकं. बारा दिवसांपूर्वीची ती वेलबुट्टी पुसताना हात जड झाला होता. मग फक्त 'कुसुमाग्रज' लिहिलं आणि खाली दोन तारखा. २७ फेब्रुवारी १९१२ आणि १० मार्च १९९९. सुविचार लिहिला नाही. मुलं सायकलवरून उतरून वाचायची आणि तशीच सायकल हातात धरून आत जायची.

तुमच्या कॉलेजातला फळा, सूचना, गॅदरिंग, शिबिर, काहीही आठवत असेल तर लिहा ना. नाशिकचं असेल तर फारच छान.

निफाडची थंडी

ताई, वाचून गलबललं. आमचं दुखणं वेगळं होतं. फळ्यावर 'गॅदरिंग सायं. ६ वाजता' वाचलं की आम्हा गावाकडच्या मुलींचा चेहरा उतरायचा. शेवटची एसटी साडेसातला. नाटकाचा पहिला प्रवेश बघायचा आणि पळत सुटायचं स्टँडकडे. पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी शहरातल्या मैत्रिणी सांगायच्या. एफवायला असंच, एसवायलाही असंच. टीवायला आमच्या हिंदीच्या मॅडमनी घरी पत्र लिहिलं की तिघींना मी माझ्याकडे झोपायला नेते, काळजी नसावी. त्या रात्री पहिल्यांदा पडदा पडेपर्यंत बसलो. मॅडमच्या घरी रात्री साडेअकराला गरम वरणभात आणि तूप. नाटकाचं नाव आज आठवत नाही, वरणभात आठवतो.

चौथा बाक

कुसुमाग्रज आमच्या एचपीटी कॉलेजचे विद्यार्थी होते आणि नाटककार वसंत कानेटकर तिथेच शिकवायचे, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. त्यामुळे भित्तिपत्रकात कविता द्यायची तर धाकधूक व्हायची भो. माझी एक लागली होती. रोज मधल्या सुट्टीत कोणी वाचतंय का ते लांबून बघायचो.

आडगाव नाका

@चौथा बाक वाचत होते का कोणी?

चौथा बाक

एक मुलगी दोनदा वाचताना दिसली. आता ती बायको आहे. पण ती म्हणते शेजारचं वेळापत्रक वाचत होते.

आडगाव नाका

🤣🤣 वहिनींना नमस्कार सांगा

पेठ रोड

एनएसएसची सूचना कोणालाच आठवत नाही का? 'येताना ताट, वाटी, पेला, सतरंजी, दोन चादरी, बॅटरी आणावी.' सात दिवसांचं हिवाळी शिबिर. आमचं त्र्यंबकच्या बाजूच्या एका पाड्यावर होतं. ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गावातून गोळा केल्या, त्यात वाळू माती भरायची, तोंड शिवायचं आणि रांगेत उभं राहून हातोहात पुढे द्यायच्या. वरच्या थरातल्या गोण्यांचे सांधे खालच्या थरातल्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखं. नाहीतर पाणी मधून निघून जातं. हे आम्हाला तिथल्या एका आजोबांनी शिकवलं. सरही ऐकत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाणी अडायला लागलं. आधी गोण्यांच्या पायथ्याशी ओल, मग वीतभर, मग गुडघ्याएवढं. पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन बघायला आल्या. एवढ्या वर्षांत पगारवाढीची पत्रं हातात आली, पण तसा आनंद नाही. कडाक्याच्या थंडीत शाळेच्या वर्गात चाळीस पोरं एकाला एक चिकटून झोपलो होतो.

मेनरोड

गोण्या शिवायचा दाभण कोणाच्या बोटात गेला नाही असं शिबिर नसेल 😄 आणि पिठलं! जळका वास असलेलं पिठलं

पेठ रोड

पिठलं जळायचंच. आमची पाळी असली की जास्त.

कॅनडा कॉर्नर

रिझल्टची आठवण काढा कोणीतरी. विद्यापीठाचे कागद बोर्डात लागायचे, नुसते बैठक क्रमांक. (तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठ, सावित्रीबाईंचं नाव २०१४ मध्ये लागलं.) मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून ओरडून नंबर सांगायचे आणि पुढचा बोट फिरवून बघायचा. माझा नंबर एका मुलाने बघितला आणि म्हणाला, 'नाहीये.' मी गोदाघाटावर जाऊन दोन तास बसलो. संध्याकाळी घरी आलो तर आई पेढे घेऊन दारात. त्याने वरची ओळ वाचली होती. त्या मुलाला मी नंतर कधी बोललो नाही, गर्दीच तशी होती. पण ते दोन तास आजही अंगावर येतात.

निफाडची थंडी

अरे देवा. दादा 😔

सिडको १९८८

२००८ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा कॉलेज बंदची सूचना बोर्डावर लावली होती म्हणे. लावली खरी, पण आम्ही पंचवटीवाले पूल ओलांडणार कसे ती वाचायला? गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघून आमचं आम्हीच ठरवायचो. छातीपर्यंत पाणी म्हणजे सुट्टी.

मेनरोड

नाशिककरांचा तोच नोटीस बोर्ड. २०१६ ला २ ऑगस्टला पण सगळे मारुतीचेच फोटो पाठवत होते.

ग्रंथपाल बाई

मी एका लहान कॉलेजात ग्रंथालयात आहे. काचेच्या बोर्डाची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडेच. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंदची सूचना मीच टाचणी मारून लावली होती. त्याच्या शेजारी आधी लावलेली मराठी भाषा गौरव दिनाची पत्रिका आणि एका हरवलेल्या छत्रीची चिठ्ठी.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलं परत आली त्याच्या आदल्या दिवशी बोर्ड उघडला. काच घट्ट बसली होती, सरकेना. कागद पिवळे पडलेले, टाचण्यांभोवती गंजाचे गोल डाग. छत्रीची चिठ्ठी तशीच. ती लिहिणारी मुलगी तेव्हा एफवायला होती, आता टीवायला. मी तिला बोलावून ती चिठ्ठी दिली. छत्री सापडली नव्हती. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, मॅडम, हे अक्षर माझं वाटतच नाही. त्या दीड वर्षात तिचे बाबा गेले होते, हे मला नंतर कळलं.

त्याच डिसेंबरात आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं. मुलांना घेऊन गेले होते. इतक्या दिवसांनी पुस्तकांच्या दुकानात माणसांची रेटारेटी बघून पोरं हरखून गेली होती. ती मुलगीही होती. तिने एक पुस्तक घेतलं आणि माझ्याकडून त्यावर तारीख लिहून घेतली.

गोदाकाठची

मॅडम, काय लिहू. तुम्ही तो बोर्ड काढू देऊ नका.

एसवाय बीकॉम

मी आत्ता शिकतोय. आमच्याकडे बोर्ड नाही, ग्रुप आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा मेसेज आला तेव्हा त्याच दिवशी तिघांचे वाढदिवस होते. केक, फुलं, शुभेच्छा. मेसेज वर निघून गेला. मला कळलं तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. ऑफिसात म्हणाले ग्रुपवर टाकलं होतं ना. वडिलांना सांगायला आठ दिवस लागले मला. ते द्राक्षाच्या बागेत रोजाने छाटणीला जातात. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता मी एकट्याचाच एक ग्रुप केलाय, त्यात तारखा टाकतो.

ग्रंथपाल बाई

बाळा, पुढच्या वर्षीचं नूतनीकरण करताना आधी ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचार आणि पोच घे. प्राध्यापकांपैकी कोणी विद्यार्थी कल्याणचं काम बघत असतील, त्यांना जाऊन भेट. तोंडी सांगून सोडू नकोस. आणि काही अडलं तर इथेच लिही, मी बघते.

पेठ रोड

मित्रा, जीव लहान करू नकोस. मला निरोप पाठव, फीचं बोलू.

एसवाय बीकॉम

धन्यवाद मॅडम, दादा 🙏

आडगाव नाका

विषय थोडा बाजूला, पण रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारायला आमचं अख्खं कॉलेज यायचं. त्याची कुठे सूचना लागत नसे. तोंडातोंडी. पेशवेकाळापासूनच्या त्या रहाडी, वर्षभर मातीने बंद, त्या दिवशी उघडायच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धी मुलं पिवळी.

मेनरोड

पिवळा की केशरी ते रहाडीवरून ठरतं. ज्याची रहाड त्याचा रंग.

दिंडोरी हायवे

फळ्यावरचं अक्षर पुसलं जायचं नाही का? आमच्याकडे येताजाता कोणाचं तरी दप्तर घासलं की निम्मी सूचना गायब. शाळेत शिक्षक आहे, फलकलेखन माझ्याकडे आहे म्हणून विचारतोय.

गोदाकाठची

सर, खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा आणि ओला असतानाच लिहायचं. लिहिताना अक्षर फिकं दिसतं, घाबरायचं नाही. वाळलं की रंग उठून येतो आणि बाहीने पुसला जात नाही. पुसताना ओलं फडकंच लागतं. साखर फार नको, मुंग्या येतात. जाड अक्षर हवं तर खडूचा तुकडा आडवा धरा. आधी दोरीला खडू लावून दोघांनी धरून रेघ झटकायची, म्हणजे ओळ सरळ येते.

दिंडोरी हायवे

ताई, उद्याच करतो. फोटो टाकतो.

चौथा बाक

तो जिन्याखालचा फळा उचलून आणायचा का कोणी? माझ्याकडे टेम्पो आहे.

गोदाकाठची

आज सकाळी प्राचार्यांना भेटून आले. फळा कुठे न्यायचा नाही म्हणाले, तिथेच फाटकाजवळ परत लावू. काळा रंग द्यावा लागेल, एक कोपरा फुगलाय. पुढच्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्याची सूचना त्यावर लिहायची. @एसवाय बीकॉम, आमच्या कॉलेजचा नसलास तरी ये. तारखा लिहायला तुझ्यासारखाच माणूस हवा.

एसवाय बीकॉम

माझं अक्षर बरं नाहीये ताई. पण येतो. सकाळी किती वाजता?

गोदाकाठची

पावणेसात.

निफाडची थंडी

मेळावा संध्याकाळी ठेवू नका हं, एसटी बघून ठेवा 🙏