मदत हवी आहे: मतपत्रिकेत वॉरन, सँडर्स, बायडन कुणीच नाही!

पहिलंच_मत (१२ फेब्रुवारी २०२०)
मंडळी, घाईत आहे. ऑगस्टमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, त्याच दिवशी मतदार नोंदणीचा फॉर्म भरला. आता इथे अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरीची (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाची) मतपत्रिका घरी आलीय, पण त्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं कुणीच नाही: वॉरन नाही, सँडर्स नाही, बायडन नाही. कुणी डे ला फुएन्ते, कुणी ब्लँकनशिप. वर्षभर सगळ्या डिबेट जागून पाहिल्यात हो मी! काय करू? लवकर सांगा.

वैनगंगा
कुठलं राज्य? प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आणि फॉर्मवर पक्ष कोणता लिहिला होता?

टेक्सासचा_काका
वॉरनबाई काल न्यू हॅम्पशायरमध्ये चौथ्या आल्या. मत वाया जाईल. सँडर्सना द्या, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर दोन्हीकडे सर्वात जास्त मतं त्यांचीच.

शांतारामपंत
काका, आयोवात डेलिगेट (पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) दुसरे उमेदवार बुटिजज यांना जास्त मिळाले. आणि ही दोन्ही राज्यं बहुतांशी गोरी आहेत. २९ तारखेला साउथ कॅरोलायनात बघा, तिथला कृष्णवर्णीय मतदार बायडन यांच्यामागे आहे. तेच ट्रम्पना हरवू शकतात.

टेक्सासचा_काका
काल पाचवे आले ते! माझ्या इन्शुरन्सचा हप्ता घराच्या हप्त्याइतका झालाय. सर्वांसाठी आरोग्य विमा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरणारा माणूस एकच आहे, सँडर्स.

पुण्याहून_आजोबा
राष्ट्रपती निवडीत सामान्य माणसाला मत नसतंच. आपल्याकडे खासदार आणि आमदार मत देतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. २००७ मध्ये प्रतिभाताई निवडून आल्या तेव्हा हे सगळं पेपरात आलं होतं.

पहिलंच_मत
आजोबा, मी अमेरिकेबद्दल विचारतेय. कॅलिफोर्निया, सनीव्हेल. कुणाला मत देऊ हेही विचारलेलं नाही! मला कुठल्याच पक्षात जायचं नव्हतं म्हणून 'इंडिपेंडंट' वर खूण केली होती. कमला हॅरिस असत्या तर त्यांनाच दिलं असतं, त्यांच्या आईही इथे शिकायलाच आल्या होत्या. पण त्या ३ डिसेंबरलाच बाहेर पडल्या.

वैनगंगा
इथेच घोळ झालाय. 'अमेरिकन इंडिपेंडंट' हा एक पक्ष आहे, अपक्ष नव्हे. १९६८ साली वंशभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस याच पक्षातर्फे उभे होते. कॅलिफोर्नियात त्याचे पाच लाखांच्या आसपास नोंदणीकृत मतदार आहेत. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने त्यांची पाहणी केली तेव्हा चारांतले जवळजवळ तिघे चुकून तिथे गेलेले निघाले. तुम्ही एकट्या नाही, मन खाऊ नका.
आधी हे सांगा: मत भरून पाकीट टपालात टाकलंय का?

पहिलंच_मत
वॉलेसचा पक्ष?! वाचून अंगावर काटा आला. पाकीट इथेच टेबलावर आहे, कोरं.

वैनगंगा
मग सुटलात. ती मतपत्रिका पाठवू नका. राज्याच्या संकेतस्थळावर १८ फेब्रुवारीच्या आत पुन्हा नोंदणी करा, पक्ष 'डेमोक्रॅटिक' निवडा. जुनी रद्द होऊन नवी घरी येईल. १८ तारीख हुकली तर २२ तारखेपासून तुमच्या सांता क्लारा काउंटीत (जिल्ह्यात) मतदान केंद्रं उघडतील. जुनी पत्रिका घेऊन जा, ती परत करा, तिथेच नोंदणी बदलून मत देता येईल. ३ मार्चपर्यंत मुदत आहे.

शांतारामपंत
आणि वॉरनना द्यायचं असेल तर १५ टक्क्यांचा नियम लक्षात ठेवा. त्याखाली गेलेल्या उमेदवाराला डेलिगेट मिळत नाहीत. कॅलिफोर्नियात पणाला आहेत ४१५.

टेक्सासचा_काका
पंत, पहिलं मत आहे तिचं. मनाला पटेल तिथे देऊ दे. काल अँड्र्यू यांगनीही माघार घेतली, त्यांना मत देऊन टपालाने पाठवलेली मतपत्रिका परत बोलावता येईल का म्हणून माझा भाचा विचारतोय.

वैनगंगा
निदान कॅलिफोर्नियात तरी नाही. स्वीकारली गेली की संपलं. म्हणूनच मी शेवटच्या आठवड्यापर्यंत पाठवत नाही.

पहिलंच_मत
वैनगंगाताई, आत्ताच ऑनलाइन नोंदणी बदलली! फार फार आभार. पण आता नवऱ्याची मतपत्रिका उघडली, त्याच्या नोंदीत 'नो पार्टी प्रेफरन्स' (म्हणजे अपक्ष) आहे. त्याच्यात अध्यक्षपदाचा रकानाच नाही!

वैनगंगा
अपक्षांना तो मागून घ्यावा लागतो. २५ तारखेच्या आत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात फोन करून डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागा, पक्षात जावं लागत नाही. रिपब्लिकनांची मात्र अपक्षांना मिळत नाही. तुमच्या मिस्टरांना कुणाची हवीय?