अनुभव धागा : छातीवर गवा – एफसी गोवा तुमचा केव्हा झाला?

धागाकर्ता, फोंडा

एफसी गोवा हा क्लब २०१४च्या ऑगस्टमध्ये, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामासाठी उभा राहिला. ज्या गोव्यात १८८३ साली शिवोलीला विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी फुटबॉल आणल्याचे सांगतात, आणि जिथे भात कापून झाले की कोरड्या शेतात दोन-दोन दगड मांडून गोलपोस्ट तयार होतात, तिथे हा क्लब अगदीच कोवळा म्हणावा लागेल. जुन्या क्लबांच्या मागे एखादे घराणे, एखादी कंपनी, एखादे गाव असे. याच्या मागे पहिल्या दिवशी राज्याचे नाव आणि चिन्हावरचा राज्यप्राणी गवा, एवढेच होते. तरीही आज फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या पायऱ्यांवर सासष्टीतल्या माणसांच्या शेजारी फोंडा, डिचोली, सत्तरी आणि पेडण्याहून आलेली, घरी मराठी दैनिक वाचणारी कुटुंबे बसलेली दिसतात. हे कसे घडले, याची उत्तरे निकालांच्या तक्त्यात सापडत नाहीत. म्हणून विनंती आहे की, हा क्लब आपला आहे असे तुम्हाला प्रथम केव्हा वाटले, त्या वेळी तुम्ही कोठे होता आणि सोबत कोण होते, ते लिहावे. अजून तसे वाटत नसेल, तर तेही लिहावे.

वास्को, निवृत्त बँक कर्मचारी

माझा अनुभव आनंदाने सुरू होत नाही. आमची पिढी टिळक मैदानावर वाढली. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगची, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या स्पर्धेची, सलग सहा विजेतेपदे गोव्यातच राहिली. तीन डेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची आणि एक साळगावकरची. त्या काळात आमच्या घरात मी साळगावकरचा आणि धाकटा भाऊ डेंपोचा होता, आणि या दोघांत सामना झाला की जेवणाच्या पानावर दोन-दोन दिवस अबोला चाले. नवा क्लब निघाला तेव्हा त्याच्या मालकांत व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांच्याबरोबर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास डेंपो या दोघांचीही नावे वाचली, पाठोपाठ विराट कोहलीही भागीदार झाला, आणि मी भावाला म्हणालो की आता आपण भांडायचे तरी कशावरून?

पुढे २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. देशातल्या वरच्या स्पर्धेला दोन वेगवेगळ्या वाटा फुटल्या आणि नवी वाटच मुख्य रस्ता होणार हे दिसू लागले, त्याचा तो परिणाम होता. त्या क्लबांनी घडवलेली मुले, त्यांचे प्रशिक्षक, मैदानावर चुना मारणारी माणसे, हे सारे डोळ्यांपुढे येत असे आणि फातोर्ड्याचे दिवे पाहिले तरी मला राग येई. दोन वर्षे मी तिकडे फिरकलो नाही.

माझे मन वळले ते २०२०च्या फेब्रुवारीत. साखळीचे तीनच सामने उरले असताना प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेले होते आणि संघाची सूत्रे क्लिफर्ड मिरांडाच्या हाती आली होती. डेंपोच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षे खेळलेला तोच क्लिफर्ड. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरमध्ये संघाने ५-० असा विजय मिळवला आणि साखळीत पहिल्या येणाऱ्या संघासाठी त्या वर्षी सुरू झालेली लीग शील्ड गोव्याला मिळाली. त्याबरोबर एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही आला. दूरदर्शनसंचावर क्लिफर्ड दिसला तेव्हा भावाने फोन केला. तो एवढेच म्हणाला, "दादा, हा आपलाच रे." जुने संपले आणि नवे आले असे मी इतकी वर्षे मानत होतो, त्या रात्री प्रथमच वाटले की जुने थोडेसे नव्याच्या अंगात उतरले आहे. राग पूर्ण गेलेला नाही, तोही येथे नोंदवतो.

वाळपई, सत्तरी, कुळागर (सुपारी-केळींची बाग) करणारा

शहरातील माणसाला गवा हे चिन्ह देखणे वाटते. आम्हाला गवा ठाऊक आहे तो वेगळ्या नात्याने. उन्हाळ्यात रानातले पाणी आटले की कळप खाली उतरतो आणि एका रात्रीत केळीच्या ओळीच्या ओळी आडव्या करून जातो. मी पहिल्यांदा जर्सी घेऊन घरी आलो तेव्हा बाबांनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली आणि विचारले, "आमची केळी खाणाऱ्याला तू छातीवर मिरवणार?" मला उत्तर सुचले नाही. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

काही महिन्यांनी पहाटे बागेच्या वरच्या बांधावर आम्ही दोघे उभे असताना एक नर गवा शंभर पावलांवर थांबला होता. काळा कुळकुळीत, खांद्याला वशिंडासारखा उंचवटा आणि चारही पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे. आम्ही हललो नाही, तोही हलला नाही. मग तो सावकाश वळून रानात गेला. त्याची पाठ दिसेनाशी झाल्यावर बाबा हळूच म्हणाले, "पाय पाहिलेस त्याचे? मोजे घालूनच जन्माला आलाय." त्या दिवसापासून संघाचा सामना असला की ते मला "मोजेवाल्यांचे काय झाले?" असे विचारतात. केळींचे नुकसान अजूनही होते आणि भरपाईचे अर्जही करावे लागतात, पण या क्लबने आमच्या रानातला प्राणी निवडला, समुद्रकिनारा किंवा माड निवडला नाही, याचे मला फार मोल वाटते. गोव्याचे चित्र काढताना आम्हाला सहसा कागदाच्या बाहेर ठेवले जाते.

म्हापसा, तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझी आठवण लहान आहे. १७ नोव्हेंबर २०१५, मुंबई सिटीविरुद्ध ७-०. डुडू आणि हाओकिप या दोघांनीही तीन-तीन गोल केले. आम्ही चार मैत्रिणी होतो आणि चौथ्या गोलानंतर शेजारच्या रांगेतील अनोळखी आजींनी आम्हाला मिठी मारली. त्या रात्री सगळ्यांच्या अंगावर निळा रंग होता, कारण सुरुवातीची जर्सी निळी होती. पुढे केशरी आली. माझ्या कपाटात ती निळी अजून आहे.

कुडचडे, विद्युत कंत्राटदार

वरच्या ताईंनी ७-० लिहिले, म्हणून त्याच हंगामाचा शेवट मला लिहिलाच पाहिजे. २० डिसेंबर २०१५. प्रशिक्षक झिकोंच्या संघाने साखळीत पहिला क्रमांक मिळवला होता, उपांत्य फेरीत दिल्लीकडून तिकडे ०-१ असे हरून इकडे ३-० अशी परतफेड केली होती, आणि अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता. आदल्या वर्षी उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहून पेनल्टींवर आपण बाहेर पडलो होतो, त्यामुळे या वेळी देणे फिटणार अशी सर्वांची खात्री होती. मी आईला घेऊन गेलो होतो. तिने आयुष्यात स्टेडियम पाहिले नव्हते. घरून तिने पोळ्यांची गुंडाळी आणली होती आणि ती दारावर आत नेऊ दिली नाही याचे तिला पहिला अर्धा तास वाईट वाटत राहिले.

चेन्नईयिनने उत्तरार्धात गोल केला, चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली, आणि ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर २-१ केले. तो चेंडू जाळ्यात गेल्यावर जो आवाज उठला तो कानांनी ऐकण्याचा नव्हता, पायाखालच्या सिमेंटमधून तो वर येत होता. माणसे रडत होती. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. आणि मग ९०व्या मिनिटाला आपल्याच गोलरक्षकाच्या अंगाला लागून चेंडू आत गेला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. २-३. तीन मिनिटांच्या विजयानंतर ती शांतता कशी होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. शिव्या देणारेही गप्प होते.

परतताना केप्याच्या वाटेवर आई म्हणाली, "त्या गोल राखणाऱ्या पोराला आज घरी जेवण जाणार नाही. त्याची आई असेल ना बसलेली?" मी गाडी बाजूला घेतली, कारण समोरचे दिसेनासे झाले होते. लोक विचारतात की क्लब आपला केव्हा होतो. माझा त्या रस्त्यावर झाला. पुढच्या हंगामात संघ शेवटच्या क्रमांकावर गेला आणि मी घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही.

डिचोली, गृहिणी

हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. आमच्या घरी फुटबॉल हा पलीकडच्या तालुक्यांचा खेळ समजला जाई. आमच्याकडे भजन, नाटक आणि क्रिकेट. सासरे मराठी दैनिकाचे क्रीडापान वाचतात, आणि तिथे त्यांना मंदार राव देसाई हे नाव वारंवार दिसू लागले. २०१४ पासून सहा हंगाम तो या संघात होता. लोबेरांनी त्याला मागच्या फळीत डावीकडे खेळवले आणि तो तिथून सारखा पुढे धावत जाई. "हा देसाई कुठला?" या एका प्रश्नापायी सासऱ्यांनी सामना लावला, आणि मग लावतच राहिले. आडनाव पाहून खेळाडू आपला मानावा हे योग्य नाही, ते मला कळते. पण दार त्या नावाने उघडले आणि त्यातून पुढे ब्रँडन, सेरिटन, सेव्हियर हे सगळे आत आले. ब्रँडन फर्नांडिस संघ सोडून गेला त्या दिवशी सासऱ्यांनी चहा घेतला नाही.

आता माझी मुलगी खेळते. क्लबच्या फोर्सा गोवा फाउंडेशनने २०१८ पासून लहान मुलांसाठी जे काम सुरू केले, त्याबद्दल एका शिक्षिकेकडून कळले आणि त्यानंतर मी तिला मैदानावर सोडण्याचे धाडस केले.

पणजी, माजी खेळाडू

डिचोलीच्या ताईंनी संकोच करू नये, पण एक गोष्ट नव्या वाचकांसाठी जोडतो. ते दार त्याआधीही उघडे होते. ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरचे गोलरक्षक होते, भारतीय संघाचे कर्णधार होते. त्यांना १९९७चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. फरक एवढाच की त्यांना पाहण्यासाठी मैदानावर जावे लागे, आणि मंदार थेट बैठकीच्या खोलीत आला.

अंधेरी, मूळ गाव काणकोण

नोकरीमुळे मुंबईत असल्याने माझ्या वाट्याला इंडियन सुपर लीगचा १७ मार्च २०१९चा अंतिम सामना आला. कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास, सलग दुसऱ्या वर्षी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता आणि तरीही आम्हाला गोल मिळेना. जादा वेळेत आमचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना राहुल भेकेने बंगळुरूसाठी डोक्याने गोल केला. माझ्या शेजारी बसलेला सहकारी मुंबईचा, भेके मुंबईचा. त्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि माझ्याकडे पाहून खाली ठेवले. चार आठवड्यांनी, १३ एप्रिलला, भुवनेश्वरमध्ये चेन्नईयिनला २-१ हरवून सुपर कप मिळाला. क्लबचा तो पहिला करंडक. सकाळी कार्यालयात त्याच सहकाऱ्याने माझ्या टेबलावर पेढे ठेवलेले होते.

मडगाव, परिचारिका

माझे घर फातोर्ड्याला, स्टेडियमचे प्रकाशमनोरे गच्चीवरून दिसतात. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनामुळे रुग्णालयातील आमच्या पाळ्या वाढत चालल्या होत्या. त्याच दिवसांत आशियातील मोठे संघ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर खेळत होते आणि आत एकही प्रेक्षक नव्हता. १४ एप्रिलला लॉराँ ब्लां प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल रय्यानशी ०-०, तीन दिवसांनी अल वहदाशी ०-०. गोलात धीरज सिंग. २० तारखेला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडनच्या फ्री किकवर एडू बेडियाने डोके लावले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला गोल झाला. पुढे आपण १-२ हरलो.

तो गोल मी गच्चीवर फोनवर पाहिला, कारण घरच्यांपासून वेगळी राहत होते. प्रक्षेपण काही क्षण मागे असते. आधी स्टेडियमच्या दिशेने खेळाडूंचीच एक लहानशी आरोळी ऐकू आली, कोणी काय केले ते कळेना, आणि मग माझ्या हातातील पडद्यावर चेंडू आत गेला. एरवी एकोणीस हजारांच्या गर्जनेत जी ओळखताही आली नसती, ती अकरा जणांची आरोळी मी ऐकली आहे. शेजारच्या गच्चीवरील काकांनी अंधारातून "उजो!" (कोंकणीत आग) असे ओरडून सांगितले. त्या आठवड्यात मी प्रथमच मोठ्याने हसले असेन.

पेडणे, शेतकरी

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी आमच्याकडे गुरांचा पाडवा होता. सकाळी गाईंना न्हाऊ घातले, शिंगे रंगवली, गळ्यात झेंडूच्या माळा बांधल्या. त्याच संध्याकाळी फातोर्ड्याला रोनाल्डोच्या अल नस्र या सौदी क्लबशी सामना होता. सणाच्या दिवशी घर सोडू नये असे आईचे म्हणणे, पण नऊ वर्षांच्या पुतण्याने महिनाभर ध्यास घेतला होता. रोनाल्डो येणार नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला, तरी निघायचे ठरले ते ठरलेच. पूर्वार्धातच दोन गोल बसले. मग मध्यंतराआधी ब्रायसन फर्नांडिसने आपला गोल केला आणि पुतण्या माझ्या खांद्यावरून खाली उतरायलाच तयार होईना. शेवटी १-२. झुआरी पुलावर पोहोचेपर्यंत त्याने रोनाल्डोचे नाव एकदाही घेतले नव्हते. ब्रायसन कुठे राहतो, कोणत्या शाळेत गेला, एवढेच विचारत होता.

घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. गोठ्यात गाईने आपल्या गळ्यातील माळ अर्धी खाल्लेली होती. पुतण्याने उरलेली अर्धी हळूच सोडवली, केशरी जर्सी काढून खुंटीवर टांगली, आणि ती माळ तिच्यावर घालून झोपायला गेला.