कोयना चालते, मग जैतापूर का चालत नाही?

रंकाळाकाठ:
11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप कोल्हापुरातही जाणवला होता आणि आमचे सारे घर अंगणात आले होते, हे वडील अजून सांगतात. तरीही कोयनेच्या विजेला आमच्याकडे कोणी नावे ठेवत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील नियोजित जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की मात्र त्याच घरात जपानमधील फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेची आठवण निघते. धरणाची भीती विरते आणि अणूची टिकते, असे का होत असावे?

निवृत्त तंत्रज्ञ:
पाणी दिसते, किरणोत्सर्ग दिसत नाही, हे एक कारण. चीनमधील बानचियाओ धरण 1975 मध्ये फुटून हजारो माणसे दगावली, पण ते नाव आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहे? फुकुशिमात भूकंप होताच अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. परंतु बंद भट्टीतील इंधनही तापतच राहते, आणि त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनित्रे बुडाल्याने ते थंड ठेवण्याची सोयच उरली नाही. आपले तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देत आहे, त्याची चर्चा क्वचितच होते.

राजापूरकर (सध्या मुक्काम शाहूपुरी):
तंत्रज्ञसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण आमच्याकडचा विरोध भौतिकशास्त्र न समजल्यामुळे झाला, असा सूर त्यातून निघू नये. जैतापूर प्रकल्पासाठी माडबन परिसरातील सुमारे 938 हेक्टर जमीन संपादनात गेली. प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या 6 भट्ट्यांमधून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल का, हा शेजारच्या साखरी नाटे गावातील मच्छीमारांचा साधा प्रश्न होता. एप्रिल 2011 मध्ये तेथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. त्यानंतर सरकारी माहितीपत्रकातील आकडे कितीही बरोबर असले, तरी ते वाचणार कोण? वीज घाटावर आणि धोका घाटाखाली, ही वाटणीच लोकांना खुपते.

पाटणचा पाहुणा:
मूळ प्रश्नातच एक गफलत आहे. कोयनेची भीती विरली ती कोल्हापुरात. धरणासाठी ज्यांची गावे उठली, त्यांच्यातील कित्येकजण पुनर्वसनासाठी अजूनही आंदोलनाला बसतात.

रंकाळाकाठ:
हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. आता राजापूरकरांना एकच विचारतो: मासळीच्या प्रश्नाचे उत्तर सरकारी तज्ज्ञांऐवजी मच्छीमारांनी स्वतः निवडलेल्या अभ्यासकांनी दिले असते, तर ते गावात मानले गेले असते का?